सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरच ना?

"सिस्टिममध्ये मास्टर्स म्हणजे कॉम्प्युटरच ना?" मामांचा फोनवरचा पहिला प्रश्न. त्यांचं काही चुकलं नाही म्हणा. नगरला (अहिल्यानगर म्हणायची जीभ अजून वळत नाही) कॉम्प्युटरच्या दुकानात डबा आणि स्क्रीन मिळून जे काही असतं, त्याला सिस्टिमच म्हणतात. मी म्हटलं, नाही हो मामा, हे वेगळं... आणि पुढची दहा मिनिटं बोलत राहिले. सगळं ऐकून मामा म्हणाले, "बरं बरं. पगार किती मिळतो?"

तर मामांसाठी, आणि हाच प्रश्न मनात ठेवून गप्प बसलेल्या मावश्यांसाठी, जरा सविस्तर.

आमचं गाव पारनेर तालुक्यात, पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस झाला तर मूग, वाटाणा, मग कांदा, आणि गेली काही वर्षं डाळिंब. विहीर आटली म्हणून बोअर घेतलं. ते आटलं म्हणून दुसरं. मग ठिबक आलं. ठिबकने पाणी वाचतं हे अगदी खरं, पण वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं नाही, अण्णांनी आणखी एक एकर डाळिंब लावलं. मग कागद अंथरून शेततळं केलं. ते पावसाच्या पाण्याने भरावं अशी मूळ कल्पना. आमचं भरतं बोअरने. म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वीज जाळून वर आणायचं आणि उन्हात ठेवायचं!

अण्णा अडाणी नाहीत. शेजारी उपसतोच आहे, आपण थांबलो तर आपल्या वाटचंही तोच नेणार, हे त्यांचं गणित. शेजाऱ्याचंही तेच. प्रत्येकाचं गणित बरोबर आणि सगळ्या गावाची बेरीज चूक. हे असं का होतं, ते मला शिकायचंय. आणि हो, माझं इंजिनिअरिंग याच डाळिंबावर झालंय, त्यामुळे मी काही बाहेरून बघणारी नाही.

आता हे शिकवतात कुठे? शोधायला बसले तेव्हा कळलं की 'सिस्टिम' या एकाच पाटीखाली भलतीच वेगवेगळी दुकानं आहेत. आयआयटी मुंबईला सिस्टिम्स अँड कंट्रोल इंजिनिअरिंग आहे. तिथे फीडबॅक, स्थैर्य, नियंत्रण, सगळं चोख गणितात. गेट द्यायची, पण विद्यावेतन मिळतं. इंग्लंडमध्ये दुसरीच परंपरा. लँकेस्टर विद्यापीठात पीटर चेकलंड यांनी सॉफ्ट सिस्टिम्सची पद्धत घडवली. प्रश्न नेमका काय आहे यावरच माणसांचं एकमत नसेल तर सुरुवात कुठून करायची, हा तिचा विषय. (आमची ग्रामसभा!) हल विद्यापीठाचंही या विषयात नाव आहे, आणि ओपन युनिव्हर्सिटीचा अभ्यासक्रम घरबसल्या करता येतो.

पण माझं मन बसलं ते नॉर्वेतल्या बर्गनवर. तिथे सिस्टिम डायनॅमिक्समध्येच दोन वर्षांचं मास्टर्स आहे. हा विषय एमआयटीत जे फॉरेस्टर यांनी १९५०च्या दशकात सुरू केला. साठा, त्यात येणारा प्रवाह, त्यातून जाणारा प्रवाह, आणि परिणाम दिसायला लागणारा उशीर, एवढ्या सामानावर ही मंडळी कारखान्यापासून पृथ्वीपर्यंत सगळ्याची मॉडेल्स करतात. 'द लिमिट्स टू ग्रोथ' हे गाजलेलं पुस्तक त्यातूनच आलं, १९७२ साली. त्याच सुमारास आमची आजी दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि सुकडी खात होती. तिला ते पुस्तक वाचायची गरज नव्हती.

बर्गनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाण्याचा तुटवडा शिकायला पारनेरहून तिथे जायचं, हा विनोद मलाही कळतो :)

नॉर्वेच्या सरकारी विद्यापीठांत पूर्वी परदेशी विद्यार्थ्यांनाही शिकवणी फी नव्हती. २०२३च्या शरदापासून युरोपबाहेरच्यांना ती लागू झाली, आणि चांगली घसघशीत. चार वर्षं चाकणला नोकरी करत मी "पुढच्या वर्षी बघू" म्हणत राहिले, त्याची ही शिक्षा. परिणाम दिसायला लागणारा उशीर, दुसरं काय!

कर्जाची चौकशी केली. बँकेत म्हणाले, शेतजमीन तारण चालणार नाही, एनए प्लॉट असेल तर बघू. प्लॉट आहे, पारनेरला. अण्णांनी एक शब्द न बोलता कपाटातून कागद काढून माझ्यासमोर ठेवले. आई पण काही बोलली नाही, पण ती ज्या तऱ्हेने बोलली नाही ते मला दिसलं. तो प्लॉट कागदावर अण्णांचा असला तरी मनाने आईचा आहे. तिथे नळ घरात असेल, एवढंच तिने आजवर त्याबद्दल सांगितलंय.

त्या रात्री मी अण्णांना कांदापट्टीच्या मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलं. चौकोन म्हणजे जमिनीतलं पाणी. आत येणारा बाण पाऊस, बाहेर जाणारा बाण उपसा. उत्पन्न वाढलं की डाळिंब वाढतं, डाळिंब वाढलं की उपसा. अण्णांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि बाहेरच्या बाणावर बोट ठेवलं.

"हे समजलं. आता हा बाण कोण बंद करणार, ते कुठल्या कॉलेजात शिकवतेत?"

मला उत्तर आलं नाही. कंट्रोलच्या पुस्तकात त्या बाणावर एक व्हॉल्व्ह असतो आणि तो फिरवणारा एक कोणीतरी असतो. आमच्या गावात त्या व्हॉल्व्हला शेकडो मालक आहेत.

मग अण्णाच म्हणाले, "हिवरे बाजारवाल्यांनी केला की बंद." खरंच की. आमच्याच जिल्ह्यातलं गाव. पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून तिथे शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी, मग उरेल त्यावर पिकं ठरतात. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आम्ही पेढे खाल्ले आणि घरी येऊन मोटर चालू केली.

तिथून माझं डोकं वेगळ्या दिशेने चाललं. आयआयटी मुंबईतच सितारा नावाचं केंद्र आहे, १९८५ पासून. ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारं. तिथे टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंटमध्ये एमटेक आहे आणि गावात जाऊन राहणं हा अभ्यासाचाच भाग आहे. पदवीवर 'सिस्टिम' हा शब्द येणार नाही. याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? बर्गनचं पान मी अजूनही रोज एकदा उघडून बघते. आणि प्लॉट आड आला नसता तर मी सितारा शोधलं असतं का, याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

असो. प्लॉटचे कागद परत कपाटात गेले. आईने ते स्वतःच्या हाताने ठेवले, साडीखाली. मामा, पगाराचं बघू नंतर.

काल रात्री गेटचा फॉर्म भरायला बसले होते. बाराच्या पुढे शेतीची लाईट आली आणि अण्णा बॅटरी घेऊन निघाले. जाताना म्हणाले, "तळं अर्धंच आहे." फोटो अपलोड होईपर्यंत मोटरचा आवाज येत होता.