मुधोळचा कारवानी

बेळगावहून पूर्वेकडे निघावे, गोकाक मागे टाकावे, महालिंगपूर ओलांडावे, म्हणजे घटप्रभेच्या काठची काळीभोर जमीन लागते. आता कालव्यांमुळे उसाचे मळे दूरवर पसरले आहेत आणि गळिताच्या दिवसांत रस्ताभर उसाच्या गाड्यांची रांग असते. तरीही पाण्यापासून दूर, जरा उंचवट्यावर, ज्वारीची व हरभऱ्याची मोकळी राने अद्याप दिसतात. झाड विरळ, नजर पोहोचेल तिथवर सपाट भूमी. मुधोळचा शिकारी कुत्रा समजून घ्यायचा असेल तर आधी हे रान पाहावे, असे आम्ही म्हणू. ज्या कुत्र्याने वासावर नव्हे तर नजरेवर शिकार करायची, त्याला असेच उघडे माळरान हवे.

मुधोळ हे नाव मराठी वाचकास परके नाही. मात्र त्याच्या स्मरणात थोडी कटुता आहे. १६४८ साली जिंजीजवळ शहाजीराजांस कैद करण्यात ज्यांचा पुढाकार होता ते बाजी घोरपडे मुधोळचेच, आणि १६६४ साली शिवाजीमहाराजांनी त्याचे उट्टे काढले तेही मुधोळवर चालून जाऊनच. घोरपडीच्या साहाय्याने दुर्गम गड चढल्याची आख्यायिका या घराण्याच्या नावामागे सांगतात. हे छोटे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, १९५६ साली विजापूर जिल्ह्याबरोबर म्हैसूर राज्यात गेले आणि १९९७ पासून ते बागलकोट जिल्ह्यात मोडते. राज्य गेले, तनखे गेले, सीमा बदलल्या. आज मुधोळचे नाव देशभर घेतले जाते ते राजापेक्षा कुत्र्यामुळे अधिक.

या कुत्र्याला आपण मराठी माणसे ‘कारवानी’ म्हणतो. मध्य आशियातून व इराणकडून आलेल्या काफिल्यांबरोबर याचे पूर्वज दख्खनेत उतरले, असे परंपरा सांगते. अरबस्तानातील सालुकी कुत्र्याशी याचे रूप इतके मिळते की ही परंपरा सहज पटावी. कान-शेपटीवर लांब रेशमी केस असलेल्या प्रकाराला ‘पश्मी’ म्हणतात. कानडी शेतकरी त्याला नुसते ‘बेटे नायी’, म्हणजे शिकारीचा कुत्रा म्हणतो. सीमेच्या दोहों बाजूंस त्याची नावे वेगळी, पण त्याचे गुण सांगताना दोन्ही भाषांतील माणसांच्या डोळ्यांत येणारी चमक मात्र एकच.

हा कुत्रा मूळचा राजवाड्यातला नव्हे. तो बेडर, धनगर आणि रानावर जगणाऱ्या माणसांचा. मुधोळजवळचे हलगली गाव इतिहासात नोंदले गेले आहे ते १८५७ च्या बंडासाठी. इंग्रजांनी शस्त्रे जमा करण्याचा हुकूम काढताच तिथले बेडर उठले, कारण शस्त्र हे त्यांचे पोट होते. अशा लोकांच्या दाराशी वाढलेल्या या कुत्र्याकडे मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांचे लक्ष गेले. १९३७ पर्यंत गादीवर असलेल्या या राजाने निवडक जोड्या राखून वंश जोपासला. त्यांनी इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज यांस एक जोडी नजर केल्याची हकीकत सर्वश्रुत आहे, आणि ‘मुधोळ हाउंड’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले असे सांगतात. राजाश्रय लाभला म्हणून नाव झाले हे खरे. पण ज्यांनी शतकानुशतके आपल्या भाकरीतला तुकडा घालून तो सांभाळला, त्यांची नावे कोणत्याही दफ्तरात नाहीत, हेही ध्यानी ठेवावे.

त्याची अंगकाठी पाहावी तर डोके लांबट व निमुळते, मान उंच, छाती खोल, पोट आत ओढलेले, पाय सडपातळ आणि लांब. नर साधारण सत्तर सेंटिमीटर उंच असतो. वजन बहुधा वीस ते अठ्ठावीस किलोंच्या दरम्यान. प्रथम पाहणाऱ्यास तो उपाशी वाटतो. वस्तुतः शेवटच्या दोन-तीन बरगड्यांची रेघ दिसणे हे याच्या प्रकृतीचे लक्षण आहे. त्याला गुबगुबीत करणे म्हणजे त्याचे सांधे बिघडवणे. धावताना एका झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात: एकदा देह धनुष्यासारखा आवळतो तेव्हा आणि एकदा बाणासारखा ताणतो तेव्हा. ते दृश्य ज्याने पाहिले, त्याला ‘वाऱ्यासारखा’ ही उपमा जुनी झाली असे वाटणार नाही.

स्वभावाने हा मानी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे शेपूट हलवणे त्याला ठाऊक नाही. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला रुचत नाही. तो भुंकून कालवा करण्यापेक्षा चार पावले मागे सरतो आणि नजर रोखून पाहत राहतो. घरच्यांवर मात्र त्याची माया फार. मारझोड केल्यास तो शिकत नाही, भितो. आणि एकदा भ्यालेला कारवानी पुन्हा विश्वास टाकावयास फार दिवस घेतो. आमच्या चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन-तीन मुले असतातच. छडीने ती गप्प होतात, ममतेने शिकतात.

मुधोळच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या हे कुत्रे पाळणाऱ्या एका वृद्ध शेतकऱ्याशी आमचे बोलणे झाले. ‘‘अण्णा, गिऱ्हाईक येतं काय?’’ असे आम्ही विचारले. कानडी वळणाच्या मराठीत ते म्हणाले, ‘‘येत्यात की गुरुजी, मोटारी घेऊन येत्यात. रंग विचारत्यात, दर विचारत्यात. पळायला जागा हाय काय म्हणून मी विचारलं, की गप बसत्यात.’’

या प्रश्नात या कुत्र्याचे सारे संकट आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे दार बंद झाले. ते बंद होणे योग्यच होते. सशा-हरणांनाही जगण्याचा हक्क आहे. परंतु ज्याचा देह नि मन एकाच कामासाठी घडले, त्याचे काम गेल्यावर त्याने करावे काय? गावात त्याची राखण करणारे कमी झाले आणि शहरात हौसेने नेणारे वाढले. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दिवसभर साखळीला बांधलेला कारवानी दारे कुरतडतो, चिडका होतो, आणि मग ‘जात वाईट’ असा शिक्का त्याच्यावर बसतो.

सुदैवाने नवे काम शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. तेथे वंशशुद्धीकडे लक्ष दिले जाते व पिले दिली जातात. २००५ साली टपाल खात्याने या कुत्र्याचे तिकीट काढले. २०१६ साली काही पिले लष्कराच्या मेरठच्या केंद्रात शिक्षणासाठी गेली. ग्वाल्हेरकर वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्यांच्या शेजारच्या टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात देशी कुत्र्यांना तयार केले जाते. तिथल्या ‘रिया’ या मुधोळ कुत्रीने २०२४ साली लखनौच्या अखिल भारतीय पोलीस स्पर्धेत मागकाढीत पहिला मान मिळवला. नजरेवर धावणाऱ्या जातीने वासाच्या कामात विलायती कुत्र्यांना मागे टाकावे, हे शिक्षणाचे सामर्थ्य!

आता ज्यांच्याजवळ मळा आहे, कुंपण घातलेले मोकळे आवार आहे, अशा वाचकांसाठी संगोपनाच्या चार गोष्टी. पिलू आईजवळ किमान आठ आठवडे राहू द्यावे. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो व डिस्टेंपरच्या लसी, तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस आणि पुढे नियमाने पुनर्लस. जंतांचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने. ज्वारीची भाकरी व दूध हा त्याचा जुना आहार, पण वाढत्या वयात अंडी किंवा मांस हवेच. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट त्याला विषासमान. जेवल्याबरोबर धावू देऊ नये; खोल छातीच्या कुत्र्यांचे पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. अंगावर चरबी नाही, केस आखूड, म्हणून थंडीत गोणपाटाचे वा गोधडीचे मऊ अंथरूण द्यावे. नुसत्या फरशीवर कोपरांना घट्टे पडतात. कातडी पातळ असल्याने काटेरी तारेपासून जपावे, गोचिडी रोज पाहाव्यात. शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास जात कोणती ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण काही जुन्या गुंगीच्या औषधांतून या बांध्याची कुत्री फार उशिरा शुद्धीवर येतात. आणि सकाळ-संध्याकाळ त्याला पोटभर धावू द्यावे. परंतु रहदारीच्या रस्त्यावर कधीही मोकळे सोडू नये. पळणारी वस्तू दिसली की त्याला हाक ऐकू येत नाही.

हे सारे जमणार नसेल तर कारवानी घरी आणू नये, असे आम्ही स्पष्टच सांगतो. त्याचे कौतुक करण्यासाठी तो दाराशी असलाच पाहिजे असे नाही. सुट्टीत मुलांना घेऊन घटप्रभेकाठी जावे, हलगलीची हकीकत सांगावी, आणि एखाद्या शेतकऱ्याच्या परवानगीने पहाटेच्या उघड्या रानात तो धावताना त्यांना दाखवावा. ज्याच्या मळ्यात जागा आहे आणि हाती वेळ आहे, त्याने जरूर तो पाळावा. तेवढीच एका जुन्या वंशाची राखण होईल.