गाडी ऑईल पिऊ लागली तर

म्हशीने एका वेळेला पावशेर दूध कमी दिले तर घरातल्या पोराच्याही ते ध्यानात येते. वैरण बदलली का, पाणी कमी पाजले का, अशी लगेच चौकशी सुरू होते. पण दारातल्या जिपेच्या इंजिनातले ऑईल लिटरभर आटले तरी कुणाला पत्ता नसतो. जीप मात्र म्हशीच्या कितीतरी पट किमतीची, आणि अपरात्री बाळंतिणीला बारामतीला न्यायची वेळ आली तर तीच उपयोगी पडायची.

इंदापूर तालुक्याला मोटारीचे नाते काही नवे नाही. ज्या वालचंद हिराचंदांच्या नावाने आपले वालचंदनगर ओळखले जाते, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. त्या काळचे ड्रायव्हर सकाळी पाणी आणि ऑईल पाहिल्याखेरीज किल्ली फिरवीत नसत. गाड्या सुधारल्या आणि ती सवय सुटली. आता बॉनेट उघडते ते थेट सर्व्हिसिंगच्या दिवशी.

ऑईल पाहायला दोन मिनिटे पुरतात. गाडी सपाट जागी उभी करावी. बांधाच्या उतारावर उभी असेल तर माप खोटे दाखवते. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर चढलेले ऑईल खाली चेंबरमध्ये उतरते. मग ऑईलची काडी, जिला मिस्त्री डिपस्टिक म्हणतात, ती ओढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पुन्हा तळापर्यंत घालावी आणि दुसऱ्यांदा काढून वाचावी. पहिल्यांदा काढलेल्या काडीवर काही ठरवू नये, तिला ऑईल वरपर्यंत माखलेले असते. काडीवर दोन खुणा असतात. ऑईल त्या दोहोंच्या मध्ये हवे, वरच्या खुणेकडे असले तर उत्तम. पुष्कळ लहान गाड्यांत या दोन खुणांमधले अंतर लिटरभराचे असते. कमी असेल तर नरसाळ्याने अर्धा लिटर घालावे, थोडे थांबून पुन्हा पाहावे. ‘घाला आणखी, जास्त झाले तर बिघडते कुठे?’ असे म्हणणारे भेटतात. बिघडते! वरच्या खुणेच्या फार वर गेले तर फिरता क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळलेल्या ऑईलने वंगण नीट होत नाही.

एक गैरसमज मला फार घातक वाटतो. ‘लाल दिवा लागला नाही, म्हणजे ऑईल आहे,’ असे आपण धरून चालतो. किटलीचे चित्र असलेला तो लाल दिवा ऑईल किती आहे हे सांगत नाही, त्याचा दाब पडला हे सांगतो. चालत्या गाडीत तो लागला तर पुढच्या गावापर्यंत जाऊ म्हणू नये. जागच्या जागी इंजिन बंद करावे.

आता ऑईल जाते कुठे? वाटा दोनच, एक तर जळते, नाही तर गळते. जळत असेल तर धूर निळसर निघतो. काळा धूर डिझेलचा, त्याचा ऑईलशी संबंध नाही. पुण्याहून येताना दिवे घाट चढत असता मागे निळा धूर सुटला, तर पिस्टनच्या रिंगा किंवा लायनर झिजल्याचा संशय घ्यावा. उलट पुण्याकडे जाताना घाट उतरून सपाटीवर रेस देताच एकच निळा भपकारा आला, किंवा सकाळी सुरू करतानाच तेवढा आला, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात. ते काम रिंगांपेक्षा पुष्कळ स्वस्तात होते.

गळतीचे मात्र फसवे असते. निमगाव केतकीच्या आमच्या मेहुण्यांची जीप ऑईल खाऊ लागली. मिस्त्रीने वरवर पाहूनच सांगितले, ‘दाजी, इंजिन हाफला आले, खोलावे लागेल.’ घरात उसाच्या बिलाचे पैसे होते, पण ते मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला काढलेले. मेहुणे दोन रात्री झोपले नाहीत. आम्ही आधी गाडीखाली रात्रभर पुठ्ठा अंथरून ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा. धूरही निळा नाही. मग इंजिन बाहेरून धुऊन पुसून घेतले, दहा मैल फिरवून आणले आणि बॅटरी घेऊन खाली शिरलो. ऑईल प्रेशरच्या स्विचपाशी ओली रेघ होती. इंजिन चालू असले, दाब असला, की तेथून ऑईल झिरपायचे. बंद केले की थांबायचे. किरकोळ किमतीचा स्विच बदलला, काम भागले. फी वेळेवर भरली गेली. प्रत्येक वेळी असे स्वस्तात सुटेल असे नाही, पण खोलण्याआधी धुऊन पाहायला काय हरकत आहे?

थोडे ऑईल प्रत्येक इंजिन खातेच. काही कंपन्यांच्या पुस्तकात हजार किलोमीटरला लिटरभरही चालते असे लिहिलेले असते. म्हणून आकड्यापेक्षा फरक पाहावा. दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख, किलोमीटर आणि किती ऑईल घातले एवढे लिहून ठेवावे. गेल्या वर्षी जेवढे लागत होते त्याच्या दुप्पट लागू लागले, तर दुखणे आहे.

आपल्या भागात किलोमीटरचा हिशेबही पुरा पडत नाही. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करीत इंदापूरला जाते, तेव्हा दिंडीमागचे वाहन दिवसभर पहिल्या गिअरमध्ये सरकते. गळिताच्या हंगामात भवानीनगरला कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉल्यांमागे तेच. काट्यावर किलोमीटर थोडे, पण इंजिन तासन्‌तास चाललेले असते. ट्रॅक्टरला तास मोजतात ते उगाच नाही. अशा वापरात काडी आठवड्याला पाहावी आणि ऑईल ठरल्यापेक्षा आधी बदलावे. त्यातून आपला फुफाटा! एअर फिल्टर फाटका असेल तर ती माती आत जाऊन रिंगांना कानसासारखी घासते. जुन्या ट्रॅक्टरचा फिल्टर ऑईलच्या वाटीचा असतो. ती वाटी महिनोन्‌महिने कुणी उघडत नाही, आणि मग इंजिन ऑईल खाते म्हणून कंपनीला नावे ठेवतो.

काडीवर ऑईल वाढलेले दिसले तर खूश होऊ नये. वास घ्यावा, डिझेल उतरले असेल. दुधाच्या चहासारखा रंग आला असेल तर पाणी शिरले आहे, गाडी सुरूच करू नये. आणि २०२० नंतरच्या बीएस-सहा डिझेल गाडीत ऑईल पुस्तकात सांगितले तेच घालावे. त्यातल्या बहुतेकांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, ती भलत्या ऑईलच्या राखेने बुजते.

काढलेले काळे ऑईल डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे. विहिरीच्या कडेला किंवा चारीत ओतू नका, त्या पाण्यावर आपलीच जनावरे येतात.