एका इंचाचा कप्तान आणि त्याच्या हातातला दिवा



दरवेळी आयंबिलचे पदार्थ, नाहीतर चातुर्मासाची तयारी लिहिणारी मी, आज धातूची बाहुली रंगवण्याबद्दल लिहिते आहे. पण या उन्हाळ्यात आमच्या नशिराबादच्या घरात महिनाभर हेच चाललं होतं. आणि त्यातून असे प्रश्न निघाले की ते तुमच्यापुढे ठेवावेसे वाटले.

मुलगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला तेव्हा त्याच्या मामाने पुण्याहून एक छोटी डबी पाठवली. आत धातूचे पाच तुकडे होते: धड, डोकं, दोन हात आणि पायाखालची चकती. जोडल्यावर उंची जेमतेम इंचभर. लांब कोट, उंच टोपी, डोळ्यांवर गोल चष्मा, छातीवर दातेरी चाकं, एक हात यंत्राचा आणि दुसऱ्या हातात पिस्तूल. याला म्हणे ‘स्टीमपंक’ म्हणतात. म्हणजे वीज आणि पेट्रोल आलंच नसतं, सगळं जग वाफेवरच पुढे गेलं असतं तर कसं दिसलं असतं, ती कल्पना. हा शब्द के. डब्ल्यू. जेटर नावाच्या अमेरिकन लेखकाने १९८७ साली काढला, पण कल्पना जुनी. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने १८८० सालच्या कादंबरीत वाफेवर चालणारा लोखंडी हत्ती उत्तर हिंदुस्थानात फिरवला होता. त्याच्याच ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणे’तला प्रवासी मुंबईहून कलकत्त्याला जाताना आगगाडीने खानदेशातून जातो आणि बऱ्हाणपूरला गाडी थांबते. म्हणजे आपल्या भादली-भुसावळवरूनच की! हे कळल्यावर घरात सगळ्यांनाच त्या बाहुलीत रस वाटायला लागला.

आता काम कसं केलं ते सांगते. कोणाच्या मुलाला असा छंद असेल तर उपयोगी पडेल.

या बाहुल्यांचा धातू मुख्यतः कथिल असतो. आपल्या पितळी पातेल्यांना कल्हईवाला लावायचा तेच. पण जुन्या बाहुल्यांत शिसंही असायचं, म्हणून पहिल्याच दिवशी मी नियम घातला: हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर नाही, खाता खाता नाही, कीस कागदावर गोळा करायचा आणि उठल्यावर हात साबणाने धुवायचे. तुकडे साच्यातून सुटावेत म्हणून लावलेली पावडर अंगावर राहते. ती भांड्याच्या साबणाने आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासून काढायची, नाहीतर रंग धरत नाही. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे अंगभर बारीक रेघ उठलेली असते. ती कानशीने घालवावी लागते. जळगाव सोन्याचं गाव असल्याने सोनारकामाच्या अवजारांच्या दुकानात बारीक कानशी आणि केसासारखी करवत सहज मिळाली.

हात नुसता चिकटवला तर धक्क्याने निखळतो. म्हणून खांद्यात आणि हातात मिलिमीटरपेक्षाही बारीक भोक पाडून आत पितळी तारेचा तुकडा घालतात आणि मग फेविक्विक. फट राहिली तर एम-सील. दोन्ही भाग एकसारखा रंग येईपर्यंत मळायचे, फटीत भरायचे आणि ओल्या सुईने सारखे करायचे. हे काम मात्र मीच केलं. करंजीची कड मुडपणाऱ्या हाताला ते जड नाही.

पिस्तूल जोडायची वेळ आली तेव्हा घरात बोलणं सुरू झालं. सासूबाईंनी डबी हातात घेऊन पाहिली आणि मुलाला विचारलं, “हे आपल्या घरात कशाला रे?” तो म्हणाला, “दादी, हे खोटं आहे. यातून मुंगीसुद्धा मरणार नाही.”

सासूबाईंनी त्याला यशोधर राजाची कथा सांगितली. तुम्ही प्रवचनात ऐकली असेल. राजाला वाईट स्वप्न पडलं, आईने बळी द्यायचा आग्रह धरला, राजा जिवंत प्राणी मारायला तयार होईना. शेवटी पिठाचा कोंबडा करून तो कापला. त्या पिठाच्या कोंबड्यासाठी आई आणि मुलगा, दोघांनाही कितीतरी जन्म पशुयोनीत काढावे लागले. सोमदेवसूरींनी ही कथा ‘यशस्तिलक’ या ग्रंथात इ. स. ९५९ मध्ये मांडली, म्हणजे हजार वर्षांहून जुनी. कोंबडा पिठाचाच होता, पण कापताना मन कोंबडा कापत होतं.

मुलगा ऐकून घेतो, पण सोडत नाही. म्हणाला, “मग माझ्या मनात मारायचं नसेल तर पिस्तूल चालेल ना? मला तर फक्त रंगवायचं आहे.” खरं सांगते, मुद्दा बरोबर होता. दटावून गप्प करता आलं असतं, पण ते मला नको होतं. सोळा वर्षांच्या मुलाला धर्म म्हणजे नुसतं ‘नको’ असं वाटलं, तर तो पुढे काही विचारायलाच येणार नाही.

मी त्याला आपलं आठवं व्रत सांगितलं, अनर्थदंड विरमण. विनाकारण घडणाऱ्या हिंसेपासून दूर राहायचं. त्यात हिंस्रप्रदान येतं, म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हातात देणं. आणि त्याच्या अतिचारांमध्ये ‘संयुक्ताधिकरण’ नावाचा एक आहे: साधनाचे सुटे भाग जोडून ते वापरायला तयार करून ठेवणं. हा शब्द त्याला फार आवडला. “म्हणजे मी आत्ता करणार आहे तेच!” म्हणून हसला. मी एवढंच म्हटलं की बाहुली तुझी आहे, आठवडाभर पिस्तूल न जोडता ठेव, मग तू ठरव.

चौथ्या दिवशी त्यानेच ठरवलं. कारण मात्र त्याचं स्वतःचं होतं. पिस्तूल धरलेला हात छातीसमोर येत होता आणि त्याने छातीवरची दातेरी चाकं झाकली जात होती! बाहुलीत असा बदल करण्याला या छंदातले लोक ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. तयार ब्लाऊज आपण उसवून आपल्या मापाचा करतो, तसंच. करवतीने पिस्तूल अलगद कापलं, मूठ तशीच ठेवली, मुठीतून भोक पाडून तार ओवली आणि तारेला कंदील टांगला. कंदिलाचं अंग एम-सीलचं, वर-खाली घड्याळजीकडून आणलेली मोडक्या घड्याळाची चाकं. एका बाजूला हिरवी काच, दुसऱ्या बाजूला लाल. हा रेल्वेच्या गार्डचा हातदिवा झाला. भुसावळ इतकं जवळ असताना आमचा वाफेचा कप्तान दुसरं काय होणार?

रंगात आपल्याला जपायच्या गोष्टी आहेत, त्या नीट वाचा. या कामात नावाजलेले ब्रश ‘कोलिन्स्की’, म्हणजे सैबेरियातल्या मुंगसासारख्या एका प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे. आपल्याकडे खारीच्या आणि मुंगसाच्या केसांचेही ब्रश विकले गेले आहेत. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्या केसांच्या ब्रशांचा व्यापार बेकायदा आहे. मुलांचे चित्रकलेचे ब्रश घेतानाही ‘सिंथेटिक’ लिहिलेलंच मागा. त्याचं टोक लवकर वाकतं, म्हणून रंग कालवायला जुना ब्रश आणि रंगवायला चांगला, असे वेगळे ठेवायचे. ‘बोन ब्लॅक’ किंवा ‘आयव्हरी ब्लॅक’ हा काळा रंग हाडांच्या कोळशाचा असतो. बाटलीवर रंगद्रव्याचा क्रमांक असेल तर पीबीके ९ टाळा, पीबीके ७ किंवा ११ घ्या. ‘कार्माइन’ लाल किड्यांपासून होतो आणि शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्याची लाख. शेवटचा हात ॲक्रिलिक व्हार्निशचा दिला की झालं.

रंगाआधी प्रायमर हवाच, उघड्या धातूवर ॲक्रिलिक टिकत नाही. आपल्याकडच्या वैशाखात दुपारी फवारलं तर थेंब हवेतच वाळून खरखरीत बसतात. आम्ही सकाळी गच्चीवर फवारलं. रात्री दिव्याखाली तर मुळीच नाही, ओल्या रंगाला चिलटं चिकटतात. तसंच रंगाच्या पाण्याची वाटी उघडी ठेवायची नाही. रंग पटकन वाळू नये म्हणून चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग.

पितळ दाखवायला आधी तपकिरी, मग सोनेरी, मग पातळ तपकिरी रंग सोडायचा. तो आपोआप खाचांत उतरतो आणि चाकाचा दात न् दात दिसायला लागतो. शेवटी खाचांत किंचित हिरवट निळा दिला. तो कशाला, हे मुलाला कळेना. मी माळ्यावरचा जुना पितळी तांब्या काढून त्याच्या काठाखाली चढलेला हिरवा थर दाखवला. मग बरोबर तोच रंग त्याने कालवला.

कप्तान आता पुस्तकांच्या कपाटात उभा आहे. कापलेलं पिस्तूल गोळ्यांच्या रिकाम्या डबीत आहे. त्याने ते टाकलं नाही आणि मीही टाक म्हटलं नाही. मामाने दुसरी बाहुली पाठवतो म्हटलंय, तिच्या हातात तलवार आहे. तिचं काय करायचं ते तोच ठरवेल. पण परवा आपणहून विचारत होता, “मम्मी, तलवारीऐवजी छत्री केली तर ती कोटावर शोभेल का?” मी म्हटलं, शोभेल की, पण दांडा पितळी तारेचाच कर.

तुमच्या घरी मुलांच्या खेळण्यांतल्या बंदुका-तलवारींचं काय करता, ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.