मान खाली येईपर्यंत

सारंगखेड्याच्या बाजारात विकणाऱ्यानं मैनाची हमी तोंडीच दिली होती : "घोडी एकदम गरीब आहे. लहान पोरानं धरली तरी हलायची नाही." ते खोटं नव्हतं. पुण्याजवळच्या आमच्या पागेत ट्रकमधून उतरवली आणि जिथं उभी केली तिथंच ती उभी राहिली. बघायला जमलेल्यांना कौतुक वाटलं. आमच्या सईसमामांना मात्र वाटलं नाही. मामांची उभी हयात रेसच्या घोड्यांत गेलेली. त्यांनी तिच्याभोवती लांबून एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ताई, ही गरीब नाय. ही घाबरून थिजलीय."

मारवाडी घोड्याचे कान आत वळलेले असतात, टोकाला टोक भिडतं. एरवी हे कान सतत फिरत असतात, एक इकडे तर एक तिकडे. मैनाचे एकाच जागी खिळलेले होते. नाकपुड्यांवर सुरकुत्या, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतंय, हनुवटी सुपारीसारखी टणक. डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावला तर ठोके साठीच्या पुढं. निवांत उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याचे मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. म्हणजे बाहेरून दगड आणि आत धावपळ चाललेली.

ती वरातीत नाचवलेली घोडी होती. ओठांच्या कोपऱ्यांत जुन्या जखमांचे पांढरे वण होते. काटेरी लगामानं असे वण पडतात. हा लगाम १९६५ च्या केंद्रीय नियमांनी बंद केलेला आहे, तरी वापर थांबलेला नाही. कुणी डोक्याकडे हात नेला की तिची मान ताडकन वर जायची, आणि लगेच पुन्हा सगळं स्थिर. हललं की तोंडात कळ येते, हे ती पक्कं शिकली होती.

मालकांना घाई होती. "मॅडम, रिंगणात पळवून दमवा की. आपोआप सुधारेल." असा सल्ला देणारे बरेच भेटतात आणि त्यांचा उपाय लागू पडल्यासारखा दिसतोही. दमलेला घोडा उभा राहतो. पण ज्या घोडीचा आजारच निमूट उभं राहणं हा आहे, तिला आणखी निमूट करून काय मिळवायचं? आमचं काम उलट दिशेनं होतं. तिला हलू द्यायचं होतं आणि हलण्याची शिक्षा होत नाही हे पटवायचं होतं.

म्हणून लगाम नाही, खोगीर नाही. साधं हॉल्टर आणि लांब सुती दोर. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं; दिसत नाही ते ऐन कपाळासमोरचं आणि थेट शेपटीमागचं. तोंडावर चालून जाण्यापेक्षा तिरकं, खांद्याच्या दिशेनं जायचं. ती मान वर करते न करते तोच थांबायचं आणि एक पाऊल मागं यायचं. ती पळायच्या आत आपण मागं हटायचं, यात सगळी मेख आहे. घोडा दाबानं शिकत नाही, दाब सुटण्यानं शिकतो. दोर हलकेच ताणला, तिनं वजन जरासं पुढं टाकलं, की त्याच क्षणी दोर सैल. पाऊल पडेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झाला.

शाबासकीसाठी मानेवर थापा मारायची पद्धत आपल्याकडे आहे. मैना प्रत्येक थापेला आक्रसायची. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर खाजवलं की मात्र वरचा ओठ लांब व्हायचा. घोडे एकमेकांना तिथंच दातांनी खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला होता. त्या जागी खाजवल्यावर घोड्यांचे ठोके उतरतात, असं त्यात दिसलं. मामांनी तो वाचलेला नाही. खरारा करताना ते सुरुवात तिथूनच करतात.

मग ताडपत्री. निळी, वाऱ्यावर फडफडणारी. तिच्यावरून घोडी ओढत नेण्याऐवजी मामांनी ताडपत्रीच घडी करून दोरीला बांधली आणि आमच्यापुढं लांब ओढत चालू लागले. भीतीची वस्तू आपल्यापासून दूर पळतेय म्हटल्यावर घोड्याची हिंमत वाढते. मैना आधी अडली, फुरफुरली, मग चार पावलं टाकली. मामा थांबले. तिनं मान लांबवली, ताडपत्रीला नाक लावलं आणि दचकून मागं आली. दोर सैलच होता. ती पुन्हा स्वतःहून पुढं गेली, या वेळी खुरानं खरवडून पाहिलं. मग मान हळूहळू गुडघ्यांपर्यंत उतरली, जीभ बाहेर आली आणि ती रिकामं तोंड चघळू लागली. पुष्कळ जण याला 'घोड्याला समजलं' म्हणतात. हे चघळणं बहुधा ताण ओसरताना येतं, म्हणजे घटकेपूर्वी ताण होता याचीही ती खूण असते. मामांनी त्या दिवसाचं काम तिथंच संपवलं.

मालक बघायला आले की मात्र ती बिथरायची. कारण त्यांच्यात नव्हतं, माझ्या हातात होतं. कुणी बघत असलं की माझी मूठ आवळते, श्वास वर राहतो. स्वीडनमधल्या २००९ सालच्या एका प्रयोगात माणसांना घोडा धरून ठरावीक अंतर चालायला लावलं होतं आणि शेवटच्या फेरीआधी सांगितलं होतं की आता घोड्यासमोर छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, तरी त्या फेरीत माणसांचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही. मामांचा यावरचा इलाज सोपा आहे. "ताई, गाणं म्हना. गाताना श्वास धरता येत न्हाय."

खरी परीक्षा पावसाळ्यात आली. गणपतीआधी ढोल-पथकांचा सराव सुरू होतो आणि संध्याकाळी नदीकडून आवाज येतो. आम्ही मैनाला आवाजाच्या दिशेनं न्यायचो, पण कुठवर जायचं ते तिच्या तोंडावर ठरायचं. कान ढोलाकडे आणि तोंड गवतात असेल तर अंतर बरोबर. चरणं थांबलं की आम्ही मागं. ती सीमा हळूहळू पुढं सरकत गेली.

एके दिवशी मी रिंगणात हॉल्टर घेऊन गेले तर मैना माझ्याकडे बघून सरळ पाठ फिरवून निघून गेली. मालकांचा चेहरा उतरला. मामा मात्र खुशीत : "आता नाय म्हनायला लागली." मी हॉल्टर कुंपणावर टांगलं आणि खाजवायला खरारा घेतला. थोड्या वेळानं ती आपणहून शेजारी येऊन उभी राहिली, एक मागचा पाय ढिला सोडून.

आता तिच्यावर खोगीर चढतं, मालक रपेटीलाही नेतात. रस्त्यात पिशवी उडाली तर ती अजून बुजते, पण एक उडी मारून थांबते आणि वळून बघते. मालकांना मी एकच अट घातली आहे, की मैना पुन्हा कुठल्याही वरातीत जाणार नाही. त्यांनी विचारलं, "एवढी सुधारली, मग हरकत काय?" हरकत अशी की डीजेच्या भिंतीसमोर, फटाक्यांच्या धुरात उभं राहायला घाबरणं हा घोडीतला दोष नाही. तिची उगाचची भीती आम्ही काढली. ही भीती रास्त आहे, ती तिची तिच्याकडेच राहू दे.