गोधडीचा धंदा, मेथीचा नाद

शनिवारी सकाळी दाराच्या मुठीला छोटी लाकडी पाटी लटकलेली दिसली की समजायचं, या आठवड्याचा केर आपला. श्टुटगार्टमध्ये इमारतीचा जिना रहिवाशांनी पाळीपाळीने झाडायचा-पुसायचा असतो. त्याला 'केरवोखे' म्हणतात. वोखे म्हणजे आठवडा आणि केर म्हणजे झाडणं. सतरा वर्षांपूर्वी साताऱ्याहून इथे आले तेव्हा परका न वाटलेला हा पहिला जर्मन शब्द. या प्रथेचं मूळ 1492 च्या नगरनियमांत सांगतात. कोलंबस समुद्र ओलांडत होता त्या वर्षी इथली मंडळी दारातलं शेण उचलत होती.

तर साडेसातला जिना पुसून झाला. न्याहारीच्या ताटल्या उचलल्या, टेबल पुसलं आणि माझा कारखाना सुरू झाला. जुन्या सुती साड्यांच्या बाळगोधड्या शिवून मी विकते. मशीन जुन्या बाजारातून आणलेलं, प्फाफ कंपनीचं. ही कंपनी 1862 पासूनची, आणि माझं मशीनही त्याच सुमाराचं असावं असा आवाज करतं. म्हणून त्याच्याखाली गोधडीचीच चौघडी घातली आहे. खालच्या मजल्यावरच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांना आवाजापेक्षा वेळेचं महत्त्व जास्त. आमच्या इमारतीत दुपारी एक ते तीन शांतता, रात्री दहा ते सकाळी सहा शांतता आणि रविवारी दिवसभर शांतता. रविवार तर थेट राज्यघटनेत आहे. 1919 च्या वायमार घटनेतलं कलम आजच्या घटनेनेही ठेवलं आहे: रविवार विश्रांतीसाठी आणि मनाच्या उन्नतीसाठी. या उन्नतीच्या दिवशी दोऱ्याचं रीळ संपलं तर सोमवारपर्यंत उन्नतच राहायचं, कारण दुकानं बंद.

त्यामुळे माझा खरा कामाचा दिवस शनिवार. नवरा आणि मुलगा घरी असतात, म्हणजे चहा मागायलाही असतात, तरीही.

आधी साड्या निवडायच्या. सातारा, कराड, वाईच्या मावश्या-आत्या 'शंभर टक्के सुती' म्हणून जे पाठवतात, त्यातलं निम्मं सुती नसतं. कापडात कापूस किती आणि पॉलिएस्टर किती, याबाबत युरोपातलं गिऱ्हाईक फार काटेकोर. मग मी खिडकीत उभी राहून पदराचे चार धागे ओढते आणि काडी लावते. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख झाली तर सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, आणि मावशीला फोन करायचा नाही. जर्मनमध्ये कापसाला 'बाउमवोले' म्हणतात, झाडाची लोकर. शब्द गोड आहे, पण तो लेबलावर लिहिण्याआधी मला रोज थोडं जाळून बघावं लागतं.

अकरा वाजता आईचा फोन. साताऱ्यात अडीच वाजलेले, तिची वामकुक्षी झालेली.

"काय करतेस?"

"काम चाललंय गं."

"घरीच आहेस ना?"

या प्रश्नाला सतरा वर्षांत मला उत्तर सापडलेलं नाही. पुढचा प्रश्न ठरलेला: "गोधडी कुणी विकत घेतं का?" तिच्या लेखी गोधडी आजीने शिवायची, नातवाने ओली करायची. तिला पावतीपुस्तक दाखवण्यात अर्थ नाही. साधं कागदी खोकं पाठवायचं तरी त्याची नोंदणी लागते, हे तर मी तिला सांगितलेलंच नाही. 2022 च्या जुलैपासून पॅकिंगसकट माल विकणाऱ्या प्रत्येकाने आपल्या खोक्यांची नोंद करायची, मग खोकी वर्षाला हजार असोत की चाळीस. माझी चाळीस.

साडेबाराला दोन पार्सलं टपालाच्या पिवळ्या कपाटात टाकली आणि शांततेचे दोन तास बागेत घालवायला निघाले. बाग म्हणजे टेकडीवरचा भाड्याचा तुकडा. चार वर्षं यादीत थांबून मिळालेला. या बागांसाठी 1983 चा केंद्रीय कायदा आहे: तुकडा चारशे चौरस मीटरच्या वर नको, त्यातला साधारण तिसरा हिस्सा भाजीपाला-फळांसाठी हवा, आणि पिकवलेलं विकायचं नाही. यातलं शेवटचं माझ्या मराठी ओळखीच्यांना पटत नाही. माझी मेथी दृष्ट लागावी अशी येते. "अगं जुडी तीन युरोला जाईल, आम्हीच घेऊ," असं दर शनिवारी कुणीतरी म्हणतं. मी फुकट देते. मग ते लोक संकोचतात आणि बदल्यात चकलीचा डबा देतात. हा व्यवहार कायद्यात बसतो का, हे मी विचारायला गेलेले नाही.

दुधीची रोपं अजून घरात, शिवणाच्या खिडकीत आहेत. शेजारच्या तुकड्यावरचे आजोबा पंधरा मेपर्यंत नाजूक रोप बाहेर काढू देत नाहीत. अकरा ते पंधरा मे हे थंडीच्या संतांचे दिवस, शेवटचा दिवस 'थंड सोफी'चा. एका वर्षी मी ऐकलं नाही. सकाळी दुधी शिजवल्यासारखा लोळत होता. तेव्हापासून सोफीला मानते.

तीनला परत मशीन, आणि पाचला कर-सल्लागार बाईंचा निरोप. तीन वर्षांच्या हिशेबात दोन वर्षं तोटा आहे. नफ्याचा इरादाच दिसला नाही तर करखातं तुमच्या उद्योगाला उद्योग मानत नाही. त्याला शब्द आहे 'लीबहाबेराय'. आवडीखातर केलेलं काम. तोटा मग कुठे वजा करता येत नाही. बाईंनी मला धीर द्यायला मार्गारेटे श्टाइफचं नाव काढलं. याच राज्यातल्या गीन्गेनची ही बाई, पोलिओने पाय गेलेले, उजव्या हातात जोर नाही, म्हणून शिवणयंत्र उलटं फिरवून बसायची. 1880 मध्ये तिने टाचण्या खोवायला फेल्टचे हत्ती शिवले, मुलांनी ते खेळायला पळवले आणि त्यातून खेळण्यांचा मोठा कारखाना उभा राहिला.

हत्ती छानच आहे. पण हत्तीत तास किती जातात? हाताने धावदोरा घातलेल्या एका बाळगोधडीला मला तीस तास लागतात. इथलं 2025 चं किमान वेतन ताशी 12.82 युरो होतं, त्या हिशेबानेही नुसती मजुरी 385 युरो. मशीनवरची मी ऐंशीला देते आणि तीही लोकांना महाग वाटते. तेव्हा धंद्यात हाताची गोधडी बसत नाही, हा माझा हिशेब पक्का आहे. बाईंना लिहिलं: मशीनच्या गोधड्यांचे दर पुढच्या महिन्यापासून नव्वद करते, इरादा आहे असं कळवा.

दहाला मशीन बंद केलं. खालच्या आजींचा दिवा गेला. मग कपाटातून माझ्या आजीच्या हिरव्या लुगड्याची गोधडी काढली. धाकट्या बहिणीला जुलैत बाळ होणार आहे. धावदोऱ्याला आवाज नसतो, त्यामुळे तो रात्रीही चालतो आणि रविवारीही. आतापर्यंत अकरा ओळी झाल्या आहेत.