विषय लहान करताना

एम.ए.च्या वर्गात सादरीकरणासाठी विषय मागितले की येणारी यादी आम्हांला एव्हाना पाठ झाली आहे : दलित साहित्य, ग्रामीण साहित्य, संतसाहित्य, स्त्रियांची आत्मकथने. वस्तुतः ही ग्रंथालयातील कपाटांची नावे होत. पंधरा मिनिटांत कपाट उघडून दाखवता येत नाही, फार तर त्यावरची पाटी वाचता येते. मग लेखिकांची नावे, प्रकाशनवर्षे, चार विशेषणे आणि अखेरीस 'मोलाचे योगदान', एवढ्यावर सादरीकरण आटोपते.

यावर सर्वसाधारण उपाय म्हणजे कात्री. 'स्त्रियांची आत्मकथने' हाच विषय घेऊ. कालखंडाची कात्री लावली की विसाव्या शतकाचा पूर्वार्ध उरतो. आणखी कापले की दोन पुस्तके उरतात : रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (चार भाग, १९३४ ते १९३६). विद्यार्थ्याला वाटते, झाला विषय. पण कापून केवळ पसारा कमी होतो. दोन पुस्तकांची जोडी हाती आली तरी त्यांच्याविषयी काय विचारायचे, ते अजून ठरलेलेच नसते.

ते पुस्तकांतूनच सुचावे लागते. या दोघींच्या शिक्षणामागे त्यांचे पती होते. दोघींनीही पतीच्या निधनानंतर लिहिले आणि दोन्ही पुस्तकांत पती मोठी जागा व्यापून आहे. पण रमाबाईंच्या लेखनात न्यायमूर्ती रानडे गुरुस्थानी आहेत; घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध सोसून शिकणारी पत्नी त्यांच्याकडे आदराने वर पाहते. लक्ष्मीबाईंच्या टिळकांना मात्र राग येतो, त्यांचा विक्षिप्तपणा दिसतो, आणि लेखिका त्यांच्यावर जीव लावूनही त्यांना हसू शकते. स्वतःला तर हसतेच. आता प्रश्न उभा राहतो : ज्याने शिकवले, त्याच्याविषयी लिहिताना शिकलेली स्त्री स्वतःसाठी किती जागा घेते? रमाबाईंच्या शीर्षकातला 'आमच्या' हा एक शब्दसुद्धा आता बोलू लागतो. पंधरा मिनिटांना एवढे पुरे.

एका वर्षी याच टप्प्यावर मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "मग यात बेबी कांबळे कुठे बसतात?" वर्ग क्षणभर गप्प झाला. 'कालखंड वेगळा आहे' हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले ते १९८६ साली. पण ते उत्तर कोणालाही पुरेसे वाटले नाही, कारण कालखंड निवडताना शिकवणारा पती ज्या घरांत होता, ती घरेही आपोआप निवडली गेली होती.

बेबी कांबळे यांनी मुलाखतीत सांगितले आहे की, आपले लेखन त्यांनी पतीपासून अनेक वर्षे लपवून ठेवले होते. म्हणजे येथे प्रश्न उलटा होतो. शिकवणाऱ्या पतीच्या जागी ज्याच्यापासून वही लपवायची तो पती येतो. त्या मुलीने पुढे हाच विषय घेतला. मूळ प्रश्न नेमका होता, म्हणूनच तो उलटवता आला. 'स्त्रियांची आत्मकथने' ही पाटी कोणालाच वगळत नाही आणि म्हणून कोणाविषयी काही सांगतही नाही.

विषय लहान करताना कोणीतरी बाहेर राहणारच. ते कोण आणि का, हे पहिल्या दोन मिनिटांत मोकळेपणाने सांगावे, एवढीच आमची अपेक्षा असते. जो विद्यार्थी हे सांगू शकतो, त्याला आपला विषय सापडला आहे असे समजायला हरकत नाही. ज्याला सांगता येत नाही, त्याला आम्ही पुन्हा पुस्तकाकडे पाठवतो. संदर्भग्रंथांकडे नव्हे, मूळ पुस्तकाकडे.