चिंचेचा कोळ आणि काळं तांबं

दिवाळी आठवड्यावर आली की आमच्या साताऱ्याच्या घरात तांब्यापितळेची भांडी परसात निघायची आणि चिंच लावून लख्ख व्हायची. ते काम माझ्याकडे असे. पुढे तीच सवय मला टोकियोत नडली.

इथे नोकरीला येऊन दुसरं वर्ष होतं. देवळाच्या आवारात भरणाऱ्या जुन्या बाजारातून मी मेनुकीची एक जोडी घेतली होती. मेनुकी म्हणजे जपानी तलवारीच्या मुठीवर, रेशमी गोफाच्या गुंडाळीखाली दोन्ही अंगांना बसवलेली छोटी नक्षी. माझ्या जोडीत दोन खेकडे होते, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडेच मोठे, पण नांग्यांवरचे काटेसुद्धा दिसावेत इतके बारकाईनं कोरलेले. मला ते कळकट वाटले. रविवारी चिंचेचा कोळ केला, चिमूटभर मीठ टाकलं आणि घासले. दहा मिनिटांत खेकडे नव्या पैशासारखे तांबूस चमकायला लागले. त्याच आठवड्यात, ज्यांच्याकडे मी तलवारी बघायला शिकत होतो त्या वृद्ध सेन्सेईंना ते मोठ्या हौसेनं दाखवले. तळहातावर घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘‘हे कशानं केलंत?’’ मी सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘‘खातात ती चिंच?’’

मी शिक्षणानं धातुशास्त्रज्ञ. म्हणजे लाज दुप्पट.

तो कळकटपणा हाच मुळी दागिना होता. शाकुदो नावाचा हा मिश्रधातू म्हणजे तांब्यात साधारण तीन ते पाच टक्के सोनं. वितळवून ओतला की तो साध्या तांब्यासारखाच दिसतो. कारागीर मग तो मुळ्याच्या किसात बुडवतो आणि ताम्रक्षारांच्या गरम द्रावणात उकळतो. त्यातून पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर चढतो आणि तांबं निळसर-जांभळी झाक असलेलं काळं होतं, पावसात भिजलेल्या कावळ्याच्या पंखासारखं. सोनं घालायचं ते या काळेपणासाठी! आपल्याकडे सोनं पिवळं दिसावं म्हणून जीव टाकतात, इथे ते काळ्याच्या पोटात लपवतात. आणि मी तो थर चिंचेनं धुऊन काढला.

ही गोष्ट मी आता प्रत्येक नवशिक्याला सांगतो. गेल्या काही वर्षांत निशिकासाईला राहणारी आपली आयटीतली मुलं माझ्याकडे येतात. ‘‘काका, एक काताना घ्यायचीय,’’ इथपासून सुरुवात होते. फोनवर फोटो असतो, त्यात पात्याचा फोटो एक आणि सहीचे चार. एकानं तर मासामुनेची सही दाखवली होती. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या या सर्वांत गाजलेल्या कारागिराच्या, खात्रीच्या सहीच्या कृती बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. त्यांतली एक एखाद्या ऑनलाइन लिलावात पडून असेल आणि जपानी व्यापाऱ्यांचं लक्ष गेलं नसेल, असं त्या मुलाला मनापासून वाटत होतं.

मी अशा मुलांना सांगतो की वर्षभर काही विकत घेऊ नका. उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात तलवारींचं दालन आहे, तिथे जा. ‘मिकाझुकी मुनेचिका’ आणि ‘दोजिगिरी यासुत्सुना’ या दोन राष्ट्रीय ठेव्याच्या तलवारी त्याच संग्रहालयाच्या. दालनातली पाती बदलत असतात, म्हणून पुन्हा जा. र्‍योगोकूला तलवार संग्रहालय आहे, तिथेही जा. मात्र काचेसमोर ताठ उभं राहून काही दिसत नाही. गुडघे वाकवायचे, मान तिरकी करायची आणि दिव्याचं प्रतिबिंब पात्यावरून सरकवत न्यायचं. पहारेकरी आता या कसरतीला सरावले आहेत.

असं वाकल्यावर जे दिसतं त्याला हामोन म्हणतात. आपला लोहार विळ्याला ‘पाणी देतो’, तीच ही क्रिया. पात्यावर मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. लाल तापवून पाण्यात घातलं की धार झटकन निवते आणि कमालीची कडक होते, पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. कडक झालेली धार प्रसरण पावते, त्यामुळे पात्याचा बाक वाढतो. या दोन पोलादांच्या सीमेवरची पांढुरकी रेषा म्हणजे हामोन. त्या रेषेत कोकणातल्या ओल्या पुळणीवर अभ्रक चमकावा तसे सुटे कण दिसले तर ते ‘निए’. कण वेगळे न दिसता नुसतं धुकं दिसलं तर ‘निओई’. मायक्रोस्कोपखाली दोन्ही मार्टेन्साइटच, म्हणजे झटकन निवून कडक झालेलं पोलादच आहेत, हे मला नोकरीमुळे ठाऊक होतं. पण एका बल्बच्या उजेडात डोळ्यांना ते ओळखता यायला मला तीन वर्षं लागली. बिझेन प्रांतातल्या काही घराण्यांचा हामोन लवंगांची रांग मांडल्यासारखा दिसतो आणि त्याला लवंगेचंच नाव आहे, चोजी. पात्याला लावायच्या तेलालाही लवंगेचा वास असतो. आई इथे आली होती तेव्हा म्हणाली, ‘‘तुझ्या तलवारींना मसालेभाताचा वास येतो.’’

दर महिन्याला आमच्याकडे परीक्षेची बैठक असते. पाच पाती मांडलेली असतात, मुठीत राहणारा भाग कापडात बांधलेला असतो. बघायचं आणि चिठ्ठीवर कारागिराचं नाव लिहून द्यायचं. बरोबर आलं तर ‘आतारी’, घराणं बरोबर पण माणूस दुसरा असला तर ‘दोझेन’, आणि पार चुकलं तर ‘इया’. माझ्या पहिल्या बैठकीत मी पाच ‘इया’ घेऊन घरी गेलो. बघताना बोलायचं नाही, कारण थुंकीचा एक सूक्ष्म थेंब पुरतो गंज धरायला. पात्याला बोट लावायचं नाही. पुढच्याच्या हाती देताना धार आपल्याकडे. हे शिष्टाचार नाटकी वाटतात खरे, पण बोटाच्या घामाचा ठसा काढायला पॉलिश करणाऱ्याकडे जावं लागलं, की वाटेनासे होतात. इथला तोगिशी दगडांच्या चढत्या पायऱ्यांवर पातं आठवडेच्या आठवडे घासतो. त्याचं बिल कधीकधी पात्याच्या किमतीपेक्षा मोठं असतं आणि दर पॉलिशला पोलाद थोडं झिजतंच. सातशे वर्षांत इतक्यांदा घासलेली पाती असतात की आतला मऊ गाभा वर येऊ लागतो. त्यांना इथे ‘थकलेलं’ पातं म्हणतात. गंज, ओरखडे यांवर इलाज असतो. धारेला आडवी गेलेली केसाएवढी चीर, हागिरे, दिसली की मात्र पातं खाली ठेवायचं आणि चहा मागवायचा.

बैठकीत जो भाग कापडात बांधलेला असतो, तो नाकागो, मला सर्वांत प्रिय आहे. पातं आरशासारखं आणि हा दांडा गंजलेला. दर दसऱ्याला शस्त्रं घासूनपुसून पुजणाऱ्या आपल्या हाताला तो गंज बघून खाज सुटते. तिथे कधीही काही लावू नये. पात्याचं वय सांगणारा सगळ्यांत सरळ पुरावा तोच आहे. चार-पाचशे वर्षांचा गंज जुन्या बिडाच्या तव्यासारखा काळसर आणि गुळगुळीत असतो, बोटाला लागत नाही. ताजा गंज तांबडा आणि भुसभुशीत असतो. सही छिन्नीनं कोरलेली असते, तेव्हा भिंगातून त्या खाचेच्या आत बघायचं. आतला गंज आणि बाहेरचा गंज एका वयाचे असायला हवेत. सहीच्या कडा, छिन्नीनं उचललेलं पोलाद, हे काळानं गोलसर व्हायला हवं. खाच तीक्ष्ण, आतला रंग वेगळा, असं असेल तर ती गिमेई, खोटी सही. एडो काळात दाइम्यो, म्हणजे तिथले सरदार, एकमेकांना तलवारी नजर करत, आणि नजराण्याला नाव लागतं. मग नावं कोरणारे निपजले. नागासोने कोतेत्सु हा मुळात चिलखतं करणारा माणूस, उतारवयाकडे झुकताना तलवारीकडे वळला आणि इतका गाजला, की त्याची सही दिसली तर आधी खोटी समजावी, अशी इथे रीतच पडली आहे.

उलट, सही नाही म्हणून नाक मुरडणारे फसतात. जुन्या काळची ताची ही लांब तलवार पुढे कमरेला खोचण्यासाठी खालून कापून आखूड केली गेली. कापताना सही गेली. म्हणून जुन्यांतली कित्येक उत्तम पाती बेनामी आहेत. मुलांना मी म्हणतो, बेनामी घ्या, पण कागद असलेलं घ्या. 1948 साली स्थापन झालेली तलवार-जतन संस्था चार पायऱ्यांची प्रमाणपत्रं देते. होझोन ही पहिली, नवशिक्याला तेवढी पुरे. 1982 च्या आधीचे वेगळ्या धाटणीचे कागद दाखवून कुणी मोठं नाव सांगत असेल, तर कौतुकानं बघावं आणि परत द्यावं.

आणखी एक कागद लागतो, नोंदणीचा. महायुद्धानंतर दोस्तांच्या सैन्यानं तलवारी जप्त केल्या, ढिगांनी नष्टही केल्या. होन्मा जुन्जी यांच्यासारख्या जाणकारांनी ही शस्त्रं नव्हेत, कलावस्तू आहेत, हे पटवून दिलं आणि त्यातून 1951 पासून नोंदणीपत्रं आली. हे कार्ड माणसाचं नसतं, पात्याचं असतं, जन्मदाखल्यासारखं. मालक बदलला की 20 दिवसांत कळवायचं, एवढंच. कार्ड नसलेलं पातं इथे फुकट मिळालं तरी घरी आणू नये.

पण पात्याच्या आधी मी त्सुबा घ्यायला लावतो. मुठीपुढची ही चकती, सात-आठ सेंटिमीटरची, खिशात मावते आणि बरंच शिकवते. 1876 मध्ये मेइजी सरकारनं तलवार बाळगायला बंदी केली तेव्हा या कारागिरांचा धंदा एका फटक्यात बसला आणि त्यांचं काम पेट्या भरभरून युरोप-अमेरिकेला गेलं. त्यामुळे माल खूप, आणि नकलाही खूप. ओतीव नक्कल ओळखायला समोरची नक्षी बघू नका, ती साच्यातून छानच उतरते. जाळीच्या भोकांच्या आतल्या भिंती बघा. खऱ्याच्या भिंतीवर कानशीचे बारीक ओरखडे दिसतात, ओतलेल्याच्या भिंतीवर वाळूचा रवा. ओवारीच्या जुन्या लोखंडी त्सुबांच्या काठावर गाठी लागतात, घडणीत न मिसळलेलं कडक पोलाद वर आलेलं असतं. त्यांना लोखंडाची हाडं म्हणतात, आणि ती बोटांनी चाचपता येतात. गोव्याहून निघून मलाक्का-मकाव करत नागासाकीला येणाऱ्या पोर्तुगीजांना जपानी ‘नानबान’, दक्षिणेचे रानटी, म्हणत. त्यांच्या नावानं एक त्सुबाचा प्रकारही आहे. एचिझेनच्या यासुत्सुगु या तलवार-कारागिरानं तर पातं ‘नानबान लोखंडाचं’ असल्याचं नाकागोवर अभिमानानं कोरून ठेवलं आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा उगाचच गावचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

माझे खेकडे अजून आहेत. सेन्सेईंनी एका कारागिराचा पत्ता दिला, त्यानं एका खेकड्याचा रंग परत चढवून दिला. दुसरा मी मुद्दाम तसाच ठेवला. नवीन कुणी आलं की दोन्ही शेजारी ठेवतो, एक कावळ्याच्या पंखासारखा आणि एक भाजल्यासारखा तांबूस.

मासामुनेवाल्या मुलानं शेवटी दीड वर्षानं एक साधी लोखंडी त्सुबा घेतली, कुणाची ते ठाऊक नाही, पण हाडं असलेली. ऑफिसला जाताना जुन्या सुती कापडात गुंडाळून ती खिशात नेतो, लोकलमध्ये चोळत बसतो. या दिवाळीला त्याची आई नाशिकहून यायची आहे. परवा त्याचा फोन आला, ‘‘काका, आईला आत्ताच सांगून ठेवलंय, त्या शेल्फला हात लावायचा नाही. आणि चिंच फ्रीजच्या मागे लपवलीय.’’